पश्चिमेचा रकाना

१

गुरुवारी दुपारचे दोन वाजले की पेंटर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, हात पुसायचा, दुकानाच्या दारावर ‘आत्ता येतो’ अशी पाटी लटकवायचा आणि थेट संध्याकाळी परत यायचा. पाटी त्याने स्वतःच रंगवली होती. अक्षर इतकं सुबक की गिऱ्हाईक ती वाचायचं आणि बिचारं विश्वास ठेवून उभंही राहायचं. दुकानांची नावं, गाड्यांचे नंबर, दवाखान्यांच्या वेळा, जे म्हणाल ते तो रंगवून द्यायचा. त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायकोसुद्धा ‘अहो पेंटर’ म्हणायची. ती शाळेत शिकवायची, म्हणून तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा आणि अशी दोघांची फिट्टंफाट व्हायची.

गुरुवारची ही दुपार नगररचना कार्यालयाच्या खिडकी नंबर चारसाठी राखलेली होती. मोठ्या तळ्याच्या काठावर दोघांनी अकरा वर्षांपूर्वी जमिनीचा तुकडा घेतला होता. नंबर सतरा, रांगेतला शेवटचा. त्याच्या पुढे पाणी, आणि पाण्याचा पलीकडचा काठ चष्मा पुसून बघितला तरी दिसत नसे. मास्तरीणबाईचं सगळं आयुष्य समोरच्या इमारतीची भिंत बघत चहा पिण्यात गेलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसावं, एवढीच तिची हौस. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही, त्यामुळे या एका मागणीपासून पळ काढायला पेंटरला जागाच नव्हती.

घर बांधायला दोन दाखले लागत. इथे राहतं घर चालेल, असा पहिला. घराच्या वजनाने काठ ढासळणार नाही आणि जमिनीची धूप वाढणार नाही, असा दुसरा. पहिला आठ महिन्यांत मिळाला. दुसऱ्याने नाकी नऊ आणले. आणि आता घाई होती, कारण नव्या वर्षापासून नियम बदलणार होता. पाण्यापासून तीस मीटर सोडून बांधता येत होतं, तिथे पन्नास मीटर सोडावं लागणार होतं. पन्नास सोडले तर सतरा नंबरवर फार तर एक बाकडं बसलं असतं.

“पेंटर, परत आलात?” खिडकीतल्या बाईंनी हसून विचारलं. त्या नेहमीच हसून विचारायच्या. फाइल परत करतानाही हसायच्या, त्यामुळे त्यांच्यावर रागवायचं कसं, हा एक प्रश्नच होता.

“आता काय राहिलं?”

“चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती. पूर्वेला सोळा नंबर, सही आहे. उत्तरेला रोपवाटिका, आहे. दक्षिणेला होड्या दुरुस्तीची शेड, आहे. पश्चिमेला तुम्ही लिहिलंय ‘पाणी’.”

“पाणीच आहे.”

“असेल. पण रकान्यात घर नंबर आणि सही लागते.” बाईंनी लाल पेनाने ‘पाणी’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि फाइल बाहेर सरकवली. “मी काय म्हणते, रकाना मोकळा नको. बाकी माझं काहीच म्हणणं नाही.”

“मग पाण्याची सही आणू?”

“आणा की,” बाई म्हणाल्या आणि मागच्या माणसाकडे वळल्या.

२

पुढच्या तीन गुरुवारी हेच झालं. साहेब रजेवर, साहेब बैठकीत, साहेब परत रजेवर. वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते. चौथ्या गुरुवारी पेंटर कार्यालयाच्या लांबलचक व्हरांड्यात बाकड्यावर बसला होता. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं आणि त्यातला ‘शां’ इतका बेढब होता की त्याच्याकडे बघून पेंटरची सहनशक्ती आणखीच कमी झाली.

त्याने खिशातून पेन काढलं. आजूबाजूला बघितलं. आणि खोडलेल्या ‘पाणी’च्या खाली, पश्चिमेच्या रकान्यात, लिहून टाकलं: घर नंबर अठरा.

मग सही. इथे मात्र त्याच्यातला कलावंत जागा झाला. उगाच रेघोट्या मारणं त्याला जमलंच नसतं. सुरुवातीला एक मोठी वेलांटी, मग तिच्यातून निघून खाली झेपावणारी रेघ, शेवटी वर वळलेलं टोक आणि खाली दोन टिंबं. कोणाचं नाव आहे ते वाचता येणार नाही, पण माणूस प्रतिष्ठित असणार याची खात्री पटेल, अशी सही. फक्त वेलांटी वळताना कागदाखालच्या बाकड्याची फट आडवी आली, पेन अडकलं आणि एक छोटा फाटा फुटला. त्याला चुटपुट लागली. पण दुसरा फॉर्म मिळायचा म्हणजे आणखी एक गुरुवार.

बाईंनी रकाना बघितला. मान डोलावली. “हे बघा, झालं ना! उगाच इतके दिवस घालवलेत.” आणि शिक्का मारला.

पेंटर पायऱ्या उतरला तेव्हा त्याला शीळ घालावीशी वाटत होती, आणि त्याने घातलीही. घरी मात्र त्याने एवढंच सांगितलं, की काम झालं. मास्तरीणबाई वर्गात मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं नुसत्या वासावरून ओळखायची. तिला हे सांगणं म्हणजे आपण होऊन बाकावर उभं राहणं होतं.

३

मोजणीच्या दिवशी दोघंही जागेवर गेली. थर्मासमधून चहा, डब्यात बिस्किटं, बसायला सतरंजी. मोजणीदार हा एक उंच, हाडकुळा आणि बोलघेवडा माणूस होता. टेपचं एक टोक पेंटरच्या हातात देऊन तो काठाकडे जात होता, खुंटी ठोकत होता, आकडा मोठ्याने सांगत होता, आणि दोन आकड्यांच्या मध्ये आपल्या गुडघेदुखीची हकीकतही पुढे सरकवत होता. मास्तरीणबाईने सुतळी अंथरून स्वयंपाकघर आखलं होतं. ती त्या सुतळीच्या चौकोनात उभी राहून, नसलेल्या खिडकीतून पाण्याकडे बघत होती.

“ओटा इथे येईल,” ती म्हणाली. “आणि कोणी माझ्यासमोर कपाट आणून ठेवलं तर बघा.”

पेंटरला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की खोट्या सहीची उरलीसुरली टोचणीही निघून गेली. याच्यासाठी चार सह्या ठोकल्या असत्या, असं त्याला वाटलं.

“तीस मीटर सत्तर!” मोजणीदार ओरडला. “बसतंय. आणि तुमच्या शेजाऱ्यांची खुंटीपण ठीक आहे, हां. हललेली नाही.”

“कुठले शेजारी?”

“अठरा नंबर.”

पेंटर काठापर्यंत गेला. पाण्यात, काठापासून दहाबारा हातांवर, एक लाकडी खुंटी वर आली होती. वर पांढरी पट्टी, पट्टीवर काळ्या रंगात ‘१८’.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल तर तो हेवा होता. आकडा फार सुंदर रंगवला होता. आठाच्या वळणाला असा भरीवपणा आणायला त्याला स्वतःला पंचवीस वर्षं लागली होती आणि तरी तो दर वेळी जमत नव्हता. हे कोणाचं काम? आसपास असा हात असलेला माणूस असता तर त्याला माहीत नसता का?

मग त्याच्या लक्षात आलं, की आपण भलतंच बघतो आहोत.

“ही तुम्ही ठोकलीत?” त्याने विचारलं.

“मी कशाला पाण्यात शिरतोय या गुडघ्यानं? आधीपासून आहे. कागदावर अठरा आहे, खुंटीवर अठरा आहे. जुळलं की आपण पुढे.” आणि मोजणीदार सतरंजीवर बसून बिस्किटं खाऊ लागला.

कार्यालयातल्या कोणीतरी आपली फिरकी घेतली, असं पेंटरने ठरवून टाकलं. बाईंनी सही ओळखली असणार, मोजणीदाराला सांगितलं असणार, आणि दोघांनी मिळून हा उद्योग केला असणार. सरकारी माणसं एवढ्या उत्साहाने काही करतात यावर विश्वास ठेवणं कठीण होतं, पण दुसरं काही सुचेना.

४

नियमाप्रमाणे कार्यालयाने चारही शेजाऱ्यांना टपालाने नोटीस पाठवली. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. नोटीस मिळाल्याची पोचही प्रत्येकाने सही करून परत पाठवायची. पेंटर त्या पंधरा दिवसांत जीव मुठीत धरून होता. अठरा नंबरची नोटीस ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत येणार, आणि आपलं बिंग फुटणार.

“आल्या हो चारही पोचा,” बाईंनी गुरुवारी सांगितलं. “हरकत कोणाचीच नाही. चांगले शेजारी मिळालेत तुम्हाला.”

“चारही?”

त्यांनी चार कार्डं पत्त्यांसारखी पसरून दाखवली. चौथं कार्ड किंचित फुगलेलं होतं, कागद भिजून वाळला की होतो तसं. त्यावर सही होती. मोठी वेलांटी, झेपावणारी रेघ, वर वळलेलं टोक, खाली दोन टिंबं. वेलांटीत फाटा मात्र नव्हता. त्याला करायची होती तशी सही अखेर कोणीतरी केली होती.

पेंटरने ते कार्ड उलटंसुलटं केलं. बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या दुसऱ्या कोणाला तरी झेरॉक्स कुठे मिळते ते सांगत होत्या. फिरकी घेणाऱ्या माणसाला एकदा तरी हसू फुटतं, आणि या बाई तर एरवीही हसत होत्या. आता यातून काय ओळखायचं?

तो तिथून तडक टपाल कार्यालयात गेला. त्या भागाचा पोस्टमन सायकलची हवा बघत होता.

“अठरा नंबरचं टपाल तुम्ही दिलंत?”

“मग कोण देणार?”

“कोणाला दिलंत?”

“जागेवर होते, त्यांच्याच हातात. सज्जन आहेत हो. बसा म्हणाले, पण मला कुठे वेळ? आणि तिकडे पाय फार भरतात.” पोस्टमनने खाली बघितलं. त्याच्या पँटचे काठ गुडघ्यापर्यंत दुमडलेले होते. “तुमची चौकशी करत होते. म्हणाले, सतराला खरंच कोणी राहायला येणार आहे का?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, येणार म्हणजे काय, पेंटर आहेत आपले! त्यांना बरं वाटलं ऐकून. खात्री नव्हती वाटतं त्यांना.”

५

त्या संध्याकाळी जेवताना पेंटरने सगळं सांगून टाकलं. बाकड्यापासून पोस्टमनपर्यंत. मास्तरीणबाईचा घास हातातच राहिला.

“तुम्ही खोटी सही केलीत?”

“खोटी कशी? त्या सहीचा माणूसच नाही, तर खोटी कोणाची?”

“पेंटर!”

“बरं, खोटी.”

“आणि आता तो माणूस आहे.”

“असं पोस्टमन म्हणतो. पोस्टमनला उन्हात फिरून काहीही होत असेल.”

ती रागावली की भांड्यांचा आवाज व्हायचा, आज तो झाला नाही. शेवटी म्हणाली, “उद्या जायचं आणि सांगायचं. सही मी केली, खोडून टाका. मला असल्या कागदावर उभं राहिलेलं घर नको.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार नसतानाही पेंटर खिडकी नंबर चारपाशी उभा राहिला. पण सरळ सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

“समजा हां बाई, नुसतं विचारतोय. एखाद्या शेजाऱ्याची सही बनावट निघाली, आणि ज्याने केली त्यानेच येऊन कबूल केलं, तर काय होतं?”

“सोपं आहे. तो शेजारी आम्ही खोडतो.”

“खोडता म्हणजे?”

“नोंद रद्द. अर्जदाराचा दाखला रद्द. आणि शेजाऱ्याची जागा पुन्हा पाणी धरतो.” बाईंनी पंच मशीनने एका कागदाला दोन भोकं पाडली. “का? तुमच्या ओळखीत आहे का कोणी असं?”

“छे, छे.”

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. दाखला रद्द झाला तर नव्या वर्षाआधी दुसरा मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे खिडकी गेली, ओटा गेला, पाणी गेलं. मास्तरीणबाई गच्चीचं दार उघडून समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. भिंतीवर एक पाइप होता, पाइपवर एक कबूतर होतं.

“त्यांची हरकत नाही ना?” तिने न वळता विचारलं. “अठरा नंबरची?”

“नाही.”

“मग राहू दे,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कोणाची कॉपी चालवून घेतली. पेंटरला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मग दोघांनी मिळून आइस्क्रीम आणलं.

६

दाखला वर्ष संपायच्या सहा दिवस आधी हातात पडला आणि बांधकाम धूमधडाक्यात सुरू झालं. पेंटर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी जागेवर चक्कर मारी. विटा, वाळू, ओल्या सिमेंटचा वास, गवंड्याची आरडाओरड. गवंडी गाणारा होता. सूर बेताचा, पण आवाज दणदणीत. तळ्यावरून त्याचा प्रतिध्वनी यायचा, हातोडीचाही यायचा. इकडे ठक, तिकडे ठक.

“पाण्यावर आवाज फिरतो,” गवंडी म्हणाला. “मला तर बरं वाटतं. दोन टोळ्या कामावर आहेत असं वाटतं.”

एक दिवस पेंटर जेवणाच्या सुट्टीत तिथे होता. गवंड्याने हातोडी ठेवली, हात धुतले, डबा उघडला. आणि पाण्याकडून आवाज आला: ठक. ठक. ठक. मग थांबला. जरा वेळाने डबा उघडल्याचा, झाकण घरंगळल्याचा आवाज आला. पेंटरने गवंड्याकडे बघितलं. गवंडी लोणचं शोधत होता.

उशिरा येणारा प्रतिध्वनी, असं पेंटरने स्वतःला समजावलं. हवा दमट आहे, आवाज रेंगाळत असेल. विज्ञान शिकवणाऱ्या बायकोला विचारलं असतं, पण विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या समजुतीचीही अडचण झाली, कारण प्रतिध्वनी पुढे गेला. इकडे अजून भिंती दाराच्या उंचीला पोचत होत्या, आणि तिकडून थापीने गिलावा घोटल्याचा तो लांब, ओला, घासणारा आवाज येत होता. इकडे गिलावा सुरू झाला तेव्हा तिकडे खिडक्या बसवून झाल्या होत्या. उघडूनमिटून बघत होते. एकीचं बिजागर करकरत होतं.

“तेल घाला म्हणावं,” मास्तरीणबाई सहज म्हणाली. ती फरशीचा रंग निवडायला आली होती.

“तुलाही ऐकू येतंय?”

“बहिरी आहे का मी?” ती म्हणाली. “आपल्यापेक्षा भरभर बांधतायत. आपला गवंडी गाण्यातच वेळ घालवतो.”

ती इतक्या सहजपणे म्हणाली की पेंटरलाही ते तसंच वाटायला लागलं. पाण्यावर मात्र नजर पोचेल तिथपर्यंत काहीच नव्हतं. उन्हात चकाकणारं पाणी, ती खुंटी, आणि तिच्यावर बसलेला एखादा बगळा.

घर झालं. दोन खोल्या, एक माजघर, आणि पश्चिमेला रुंद खिडकीचं स्वयंपाकघर. मास्तरीणबाईने पहिला चहा त्या ओट्यावर केला, उभ्यानेच प्यायली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पेंटरने दाराबाहेर ‘१७’ रंगवला. आठ वेळा पुसून नवव्यांदा त्याला हवा तसा जमला. आयुष्यात त्याला एवढा आनंद झाला नव्हता, आणि त्याने तो लपवलाही नाही. येईल त्याला तो खिडकी दाखवत सुटला.

७

आता फक्त राहण्याचा दाखला आणायचा उरला होता. घर नकाशाप्रमाणे बांधलं आहे, त्यात माणसं राहू शकतात, असा शेवटचा कागद. पेंटर गुरुवारी पेढ्यांचा पुडा घेऊनच गेला.

“अरे वा!” खिडकीतल्या बाईंनी दोन पेढे उचलले. “थांबा, तुमची फाइल काढते. तुमची आणि अठराची एकत्रच बांधून ठेवली आहे. त्यांचा दाखला मागच्याच गुरुवारी गेला.”

“ते येतात इथे?”

“येतात की. दर गुरुवारीच येतात, पण सकाळी. तुम्ही दुपारी. त्यामुळे तुमची चुकामूक होते.” त्यांनी नाडीने बांधलेल्या दोन फायली खिडकीच्या फळीवर ठेवल्या. “साहेबांचा शिक्का घेऊन येते. बसा.”

पेंटर बसला नाही. दोन फायली समोर होत्या. नाडी सैल होती. त्याने खालची फाइल ओढली आणि उघडली.

तोच फॉर्म. अर्जदार, घर नंबर अठरा. तीच वेलांटी, तीच दोन टिंबं, जागोजागी. मग शेजाऱ्यांच्या संमतीचं पान. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या रकान्यांत कसल्या कसल्या सह्या होत्या. पूर्वेच्या रकान्यात आधी एक शब्द लिहिलेला होता. लाल पेनाने तो सरळ रेघ मारून खोडला होता, पण वाचता येत होता. पाणी.

त्याच्या खाली: घर नंबर सतरा. आणि सही.

सही पेंटरची होती. शाळेपासून तो करत आला ती. फक्त तिच्यातल्या एका वळणावर पेन अडकून छोटा फाटा फुटला होता, घाईघाईत, कुठल्यातरी बाकड्यावर ठेवून करताना फुटावा तसा. तारीख होती ती, त्याने व्हरांड्यात अठराची सही केली त्याच्या आधीच्या गुरुवारची.

पेंटर हुशार माणूस होता. त्याने ताबडतोब तीन कारणं शोधली. बाईंची फिरकी. कोणी त्याच्या सहीची नक्कल केली. उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे भलतं दिसतंय. तिन्ही कारणं चांगली होती आणि तो ती एकापाठोपाठ एक धरून बघत होता. पण तिन्हींच्या मागे एक साधा विचार उभा होता, आणि तो काही केल्या हलेना. त्या बाजूने बघितलं तर पाणी इकडे होतं. तिकडच्या माणसाला रकाना भरायचा होता, म्हणून त्याने सतरा नंबर लिहिला. एक आठवडा आधी.

त्याने पुढचं पान उलटलं. साध्या कागदावरचा अर्ज. विषय: पूर्वेच्या शेजाऱ्याची सही मागे घेण्याबाबत. मजकूर पूर्ण होता. खाली सहीची जागा मोकळी होती.

“अगंबाई, ते कशाला उघडलंत?” बाई शिक्का घेऊन परत आल्या होत्या. आवाजात राग नव्हता.

“हा अर्ज?”

“तो होय! अजून दिलेला नाहीये त्यांनी. लिहून ठेवलाय नुसता. त्यांच्या घरच्या बाई फार तत्त्वाच्या आहेत म्हणे, रोज मागे लागतात, जाऊन खरं सांगून या म्हणून.” बाईंनी त्याच्या दाखल्यावर शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली. “पण त्यांचा जीव होत नाही. म्हणतात, सतरामध्ये खरंच कोणी असेल तर? म्हटलं, बघून या ना एकदा. कोणी नसलं तर पुढच्या गुरुवारी सही करा, असलं तर फाडून टाका. बरोबर की नाही?”

“बरोबर,” पेंटर म्हणाला.

“घ्या तुमचा दाखला. अभिनंदन हं पेंटर!”

८

तो घरी धावतच आला. रस्ता तोच, रोपवाटिका तीच, शेडमधली उलटी ठेवलेली होडी तीच. सोळा नंबरवाल्या म्हाताऱ्यांनी हाक मारली, त्याने ओ दिली, आणि त्यांना ती ऐकू गेली हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. दुपारचे साडेचार झाले होते. स्वच्छ ऊन होतं. घर जागच्या जागी होतं. त्याने दाराच्या चौकटीवर हात दाबून बघितला. भिंत टणक होती, नव्या रंगाचा वास येत होता.

मास्तरीणबाई स्वयंपाकघरात होती. खिडकीशी उभी राहून हात हलवत होती.

“कोणाला हात करतेस?”

“शेजाऱ्यांना,” ती म्हणाली. “त्या बाईंनी आधी केला, मग मीपण केला. छान वाटतात हो. पण त्यांच्या मिस्टरांचं लक्षच नाही.”

पेंटर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पाण्यावर ऊन इतकं लखलखत होतं की बघवत नव्हतं. त्याने डोळे बारीक केले. खुंटीच्या पलीकडे, लखलखाटाच्या आत, रुंद खिडकीसारखं काहीतरी होतं. खिडकीत एक बाई होती. तिच्या बाजूला एक माणूस होता. त्याने कपाळावर आडवा हात धरला होता आणि तो इकडेच बघत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. रिकाम्या पाण्यावर काही दिसतंय का, असं जसं माणूस बघतो तसं.

“अहो पेंटर, हात करा ना,” मास्तरीणबाई म्हणाली. “असं काय उभं राहायचं? वाईट दिसतं.”

पेंटरने एक हात वर केला. मग दुसराही केला. मग त्याने ओट्याजवळचा टॉवेल ओढला आणि तो जोरजोरात फिरवायला लागला. “अहो!” तो ओरडला. “इकडे! अहो, आम्ही आहोत इथे!” मास्तरीणबाई आधी त्याच्याकडे बघतच राहिली, मग तिला हसू आवरेना. इतकं हसली की तिने ओट्याला धरलं. आणि पेंटरला, तशा घाईतही, तिचं ते हसू फार आवडलं. ते कायम तसंच ऐकत राहावं असं त्याला वाटलं. तो ओट्यावर चढला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी टॉवेल हलवू लागला.

तिकडच्या बाईंनी त्या माणसाचा दंड धरून इकडे बोट दाखवलं. तो थोडा पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

मग त्याने मान हलवली, बाईंना काहीतरी म्हणाला आणि पडदा ओढून घेतला.